जूनमध्ये लावलेल्या वालाच्या वेलाला अजून फूल का नाही?

तुम्ही लिहिलंय की अलिबागजवळ परसात जूनमध्ये वालाच्या पापडीचं बी टोचलं, वेल मांडवभर पसरला, दोनदा युरियाही दिला, पण सप्टेंबर आला तरी एक फूल नाही. उपटून टाकू का? अजिबात उपटू नका. वेल ठणठणीत आहे, त्याची वेळ यायची आहे.

आपला गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरावर येतो. पावसाळाभर वेल नुसता पाला वाढवतो. नवरात्र उलटलं की पानांच्या बेचक्यातून तुरे डोकावू लागतात. मांडवावर रात्री दिव्याचा उजेड पडत असेल तर तो मात्र बंद करा. आमच्या मागच्या पडवीत रात्रभर दिवा असायचा. बाकीचा मांडव फुलांनी भरला तरी पडवीकडचा तीन-चार हातांचा पट्टा हिरवागारच! दिवा विझवायला लागलो, तेव्हा तिथेही कळ्या धरल्या.

युरिया थांबवा. त्याने पानं माजतात, फुलं मागे पडतात. एका आळ्याच्या कडेची माती बोटांनी हलकेच उकरून बघा, बारीक मुळांना ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर वेल हवेतला नत्र स्वतःच मिळवतोय, त्याला वरून कशाला द्यायचा? त्याऐवजी आळ्यात मूठभर चुलीची राख आणि कुजलेलं शेणखत घाला. आपली जांभ्याची माती आंबट, तिला राख मानवते.

तुरे आले की काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतो. मुंग्यांची रांग दिसली की समजा आलाच. सकाळी दव असताना त्यावर राख भुरभुरवा, फार माखलेला शेंडा सरळ खुडून टाका.

पावसाळ्यातही शेंगा हव्या असतील तर पुढच्या वर्षी सोबत चवळी लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण सदाबहार' कुठल्याही हंगामात येते. आणि बिरड्याचे, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांच्या उसळीचे, कडवे वाल हवे असतील तर ते भातकापणीनंतरच, जमिनीत ओल आहे तोवर पेरायचे. जानेवारीत पोपटीच्या, म्हणजे शेंगा भाजायच्या, मडक्यात भांबुर्ड्याच्या वासाच्या पाल्यासोबत जातात त्या त्यांच्याच शेंगा.

एक आठवण ठेवा: पहिल्या बहरातल्या चार भरदार शेंगा तोडू नका, वेलावरच वाळू द्या. पुढच्या वर्षीचं बी तेच.