बुद्धी वेगळी, भान वेगळं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावात रोज सामुदायिक प्रार्थना होते. कीर्तनात मन, बुद्धी, चित्त, अहंकार हे चार शब्द नेहमी येतात. हे वेगळे कसे? आणि चैतन्य म्हणजे बुद्धीच ना? (शेतकरी, दारव्हा तालुका)

उत्तर : नाही, घोळ इथंच होतो. आधी हे चौघं वावरात नेऊन पाहा. मृगाचा पहिला पाऊस पडला, वरचं ढेकूळ भिजलं. ‘कपाशी टोबू की थांबू’ असं जे हेलकावतं ते मन. मागच्या साली दुबार पेरणी झाली होती, ही आठवण पुढं करतं ते चित्त. वीतभर उकरून ओल पाहते आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बियाणं मातीत घालायचं नाही असं ठरवते ती बुद्धी. आणि ‘धुऱ्यापलीकडच्यानं लावली, मी काय मागं राहू?’ हा अहंकार. गंमत अशी की तो स्वतःच्या नावानं कधी बोलत नाही. ‘हवामान चांगलं दिसतंय’ असं म्हणत बुद्धीचा आवाज काढतो, आणि बियाणं जळतं.

आत चौघं बोलताहेत हे ज्याला कळतं तो साक्षी, म्हणजेच चैतन्य किंवा भान. सांख्य या जुन्या भारतीय दर्शनाच्या मते बुद्धीसुद्धा प्रकृतीचाच भाग, म्हणजे जड. जाणणारा पुरुष निराळा. कठोपनिषदातल्या रथात बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि आत्मा रथात बसलेला धनी. बौद्ध विचार असा कायमचा धनी मानत नाही. तिथं जाणीव हा क्षणाक्षणानं वाहणारा ओघ आहे. मेंदूतल्या हालचालीतून ‘जाणवणं’ का उमटतं, याचं उत्तर विज्ञानाकडेही अजून नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ साली त्याला ‘अवघड प्रश्न’ म्हटलं, आणि तो अजून अवघडच आहे.

शाळा शिकण्याशी या भानाचा फारसा संबंध दिसत नाही. गाडगेबाबा शाळा शिकलेले नव्हते. पण कीर्तनात प्रश्नावर प्रश्न विचारून ते ऐकणाऱ्यालाच त्याच्या मनातला गोंधळ दाखवत.

प्रश्न : दिवसभर निंदण करून संध्याकाळी ध्यानाला बसते, तर पेंग येते. पेंग नाही आली तर विचारांचा बाजार भरतो. काय चुकतं? (चांदूर रेल्वे तालुका)

उत्तर : ताई, जेवून बसत असाल तर पेंग येणारच. स्वयंपाकाआधी हातपाय धुऊन दहाच मिनिटं बसा. सतरंजीची घडी अशी घ्या की बूड गुडघ्यांपेक्षा चार बोटं उंच राहील. निंदून कंबर धरली असेल तर सरळ खुर्चीवर बसा, त्यात काही कमी नाही. डोळे अर्धे उघडे ठेवा. श्वास बाहेर गेला की ‘एक’, असं दहापर्यंत मोजा आणि पुन्हा एकपासून. आकडा हरवला तरी पुन्हा एकपासून. सोळा-सतरापर्यंत पोचलात तर तोंड मोजतंय, लक्ष घरी नाही.

विचार बसल्यामुळे वाढत नाहीत. गिरणी थांबल्यावर घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तसे ते आता कळू लागतात. आला की मनातल्या मनात नाव द्या, ‘उधारी’, ‘राग’, ‘पोरीची काळजी’, आणि श्वासावर परत या. ‘मी भरकटले’ हे ध्यानात येतं तो क्षण हीच खरी कमाई. दहाचा आकडा नव्हे.

श्वास जोरानं ओढू नका. तसं केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, ओठांना मुंग्या येतात. काही जण त्यालाच कुंडलिनी समजतात! मात्र झोप उडाली, कानात माणसं बोलू लागली किंवा सारखी भीती वाटू लागली, तर ध्यान थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारा क्लास आहे. ‘मिडब्रेन’ जागा होऊन बुद्धी दुप्पट होते म्हणतात. फी भरावी का? (पालक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : भरू नका. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, तो जन्मापासून जागाच असतो. डोळ्यांची हालचाल, ऐकणं ही त्याची कामं. पट्टी नाकापाशी उचलली जाते आणि त्या फटीतून खालचं दिसतं, म्हणून पोरगं मान वर करतं आणि पुस्तक छातीशी धरतं. हनुवटीखाली एक पुठ्ठा आडवा धरा, वाचन बंद. फीपेक्षा मोठं नुकसान हे की मूल आईबापांसमोर खोटं वठवायला शिकतं.

ध्यानानं लक्ष थोडं अधिक टिकू शकतं, बुद्धी दुप्पट होत नाही. ‘आध्यात्मिक बुद्ध्यांक’ मोजणारी सर्वमान्य चाचणीही नाही. अभ्यासात लक्ष नसेल तर आधी डोळे तपासा, हिमोग्लोबिन पाहा आणि प्राथमिक शाळेतल्या पोराला किमान नऊ तास झोपू द्या.

प्रश्न : बैलाला ‘मी’ कळतो का? (आठवीचा विद्यार्थी, वर्धा जिल्हा)

उत्तर : जाणवणं आणि ‘हे मला जाणवतंय’ हे कळणं, या दोन पायऱ्या. दुसरी तपासायला मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी १९७० साली चिंपांझींवर रंगाचा ठिपका लावून आरसा दाखवला. ते आरशात पाहून स्वतःच्याच अंगावरचा ठिपका चाचपू लागले. माणसाचं मूल साधारण दीड-दोन वर्षांचं झालं की हे करतं. बैलानं असं केल्याचा पुरावा नाही. पण तो वासावर बराच भर देणारा प्राणी. आरशाला कुठे वास असतो? पहिल्या पायरीबद्दल मात्र शंका नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळताना जू घासून सोललेली जागा दिसली, तर त्याला दुखतंय. ती भरेपर्यंत जुंपू नका, असं घरी सांग.