सेलमध्ये आकड्यांऐवजी #####

प्रश्न : एक्सेलच्या तक्त्यात काही सेलमध्ये आकड्यांऐवजी ##### दिसते आणि १६ अंकी क्रमांक भरल्यास शेवटचा अंक शून्य होतो. माझी माहिती पुसली गेली आहे का?

उत्तर : ##### दिसत असेल तर माहिती शाबूत आहे. कॉलम अरुंद असल्यामुळे संख्या किंवा तारीख त्यात मावत नाही, आणि अर्धवट आकडा दाखवण्यापेक्षा हे चिन्ह दाखवणे केव्हाही बरे. कॉलमच्या अक्षराच्या उजव्या कडेवर डबल क्लिक करावे. तरीही चिन्ह हटले नाही, तर आधीच्या तारखेतून नंतरची तारीख वजा झाली आहे का, हे सूत्रात तपासावे. उत्तर ऋण आले, की ते तारीख म्हणून दाखवता येत नाही.

क्रमांकाची गोष्ट मात्र गंभीर आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते, त्यामुळे १२३४५६७८९०१२३४५६ भरल्यास शेवटचा ६ जाऊन तिथे ० येतो, आणि नंतर फॉरमॅट बदलूनही तो परत मिळत नाही. म्हणून क्रमांक भरण्यापूर्वीच सेलचा फॉरमॅट टेक्स्ट करावा आणि बिघडलेले क्रमांक मूळ कागदावरून पुन्हा भरावेत.