आइस हॉकीत गोल मारणाऱ्यांचीच नावं ऐकू येतात, मग डिफेन्समनचं करिअर म्हणजे नेमकं काय असतं?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण अगदी हाच प्रश्न २००८ मध्ये माझ्या आठ वर्षांच्या मुलाने मला विचारला होता, तोही रडत रडत. आम्ही डेट्रॉईटजवळ राहतो. मी १९९९ मध्ये पुण्याहून गाड्यांच्या कामासाठी इकडे आलो, आणि इकडची थंडी अशी की पोरं चालायला लागली की दोनतीन वर्षांत स्केट्स घालूनच फिरतात. त्या सीझनला कोचने आमच्या पोराला पुढून काढून मागे डिफेन्सला टाकलं. गाडीत बसला, हेल्मेट मांडीवर, आणि म्हणाला, बाबा आता मी गोल कधी मारणार? मला काही सांगता येईना. मग त्याला सांगण्याऐवजी एका माणसाचा खेळ दाखवायला लागलो, तुम्हालाही त्याच माणसाचं करिअर सांगतो. निक्लास लिडस्ट्रॉम, अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल लीगमधली टीम डेट्रॉईट रेड विंग्ज, जर्सी नंबर ५.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. बर्फावर एका टीमचे सहा जण असतात, एक गोलकीपर, दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड. रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे आपल्या हॉकीच्या मैदानापेक्षा बरंच लहान, आणि चहूबाजूंनी फळ्या, त्याला बोर्ड्स म्हणतात. बॉलऐवजी रबराची चपटी चकती, ती पक. एक खेळाडू सलग पाऊण मिनिट वगैरे जीव तोडून खेळतो आणि बेंचवर येतो, दुसरा उडी मारून आत जातो, या एका पाळीला शिफ्ट म्हणतात. मॅच ६० मिनिटांची, २० मिनिटांचे तीन पिरियड. टीममध्ये सहा डिफेन्समन, तीन जोड्या, आणि जो सगळ्यात भरवशाचा त्याच्या वाट्याला २५ मिनिटांच्या वर खेळ येतो. लिडस्ट्रॉम तर काही सीझन सरासरी २८ मिनिटं खेळलाय, म्हणजे जवळजवळ अर्धी मॅच हा एकटा बर्फावर.

आणि डिफेन्समनचं मुख्य काम काय, तर उलटं स्केटिंग करत, समोरच्याकडे तोंड ठेवून, भरधाव येणाऱ्या माणसाला अडवायचं. मी शाळेत असताना आमच्या पेठेतल्या मंडळाकडून कबड्डी खेळायचो, कोपऱ्यावर. जो खेळलाय त्याला माहितीये, चांगला कोपरारक्षक चढाईवाल्यावर उगाच झेप घेत नाही, तो पाय सरकवत सरकवत त्याला पाहिजे तिकडे यायला लावतो आणि मग पकड होते. डिफेन्सचं मर्म तेच आहे, फक्त इथे पायाखाली बर्फ आणि अंगावर येणारा माणूस ताशी तीस चाळीस किलोमीटरच्या वेगात.

हे मला स्वतःला कळलं ते ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्यामुळे. तो मला पहिल्यांदा रेड विंग्जच्या तेव्हाच्या रिंकवर, जो लुईस अरेनाला, मॅचला घेऊन गेला, अगदी वरच्या रांगेत, आणि म्हणाला पुढची पाच मिनिटं पक बघू नकोस, फक्त पाच नंबर बघ. मी बघितलं. समोरच्या टीमचा एक जण डावीकडून पक घेऊन सुटला, जोरात. लिडस्ट्रॉम मागे मागे जातोय, गुडघे वाकलेले, स्टिक एका हातात, तिचं पातं बर्फाला टेकलेलं. दोघांत एका स्टिकएवढं अंतर. तो जवळही जात नाही, लांबही राहत नाही. नुसता थोडा आतल्या बाजूला राहिलाय, त्यामुळे समोरच्याला मधून वाटच नाही, त्याला बोर्ड्सच्या बाजूनेच जावं लागतंय आणि ती जागा दर सेकंदाला कमी होतीये. मग एक छोटासा टोचा, पक सुटला, आणि तो माणूस फळीला लागून थांबेपर्यंत पक दुसऱ्या टोकाला पोचलासुद्धा होता. धक्का नाही, आदळआपट नाही. टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत, कारण लोकांच्या दृष्टीने तिथे काही घडलंच नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे बघा, हा माणूस ते घडू देत नव्हता आणि हे त्याने २० सीझन केलं.

आता त्याचं करिअर. जन्म १९७० चा, स्वीडनचा. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, डेट्रॉईटने त्याला तिसऱ्या राउंडला घेतला, ५३ वा. त्याच ड्राफ्टमध्ये डेट्रॉईटने ७४ वा सर्गेई फेडोरोव्ह आणि थेट २२१ वा व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्ह घेतला, हे दोघे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनचे. लिडस्ट्रॉम लगेच अमेरिकेला आला नाही, आणखी दोन वर्षं स्वीडनमधल्याच व्हेस्तेरॉस टीमकडून खेळला, १९९१ मध्ये स्वीडनबरोबर वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड जिंकला आणि मग आला. पहिल्याच सीझनला ६० पॉइंट्स. पॉइंट म्हणजे गोल किंवा गोलसाठी दिलेला पास.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. त्या काळी इकडे असा समज होता की युरोपातली पोरं मऊ, मार खाऊ शकत नाहीत. १९७३ मध्ये बोरिये सालमिंग हा स्वीडिश डिफेन्समन टोरंटोला आला, त्याला तर भित्रा म्हणून चिडवायचे आणि मुद्दाम मारायचे, तो सगळं सोसून उभा राहिला म्हणून पुढच्यांना वाट मिळाली. सालमिंगबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. लिडस्ट्रॉम आला तरी डिफेन्समन म्हणजे धिप्पाड आणि अंगावर जाणारा हीच व्याख्या होती, आणि हा सहा फूट एक इंच, त्यांच्यात सडपातळच म्हणायचा.

ती व्याख्या बदलली १९९७ च्या फायनलला, असं माझं स्पष्ट मत आहे. समोर फिलाडेल्फिया. त्यांची पहिली लाइन, म्हणजे एकत्र खेळणारे तीन मुख्य फॉरवर्ड, एरिक लिंड्रॉस, जॉन लेक्लेअर आणि मिकाएल रेनबर्ग, तिघंही दांडगे, एकटा लिंड्रॉसच सहा फूट चार इंच. लोकांना वाटत होतं डेट्रॉईटचे कोच स्कॉटी बोमन या तिघांवर कॉन्स्टँटिनोव्हला सोडणार, कारण धडक द्यावी तर त्यानेच. बोमननी लावले लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी, दोघंही शांत खेळणारे. विचार असा की या तिघांशी ताकदीने भिडून उपयोग नाही, त्यांच्याकडे पकच जाऊ द्यायचा नाही, मिळाला की तो पहिल्याच पासमध्ये बाहेर काढायचा. फायनलच्या चारही मॅच डेट्रॉईटने जिंकल्या, ४-०. लिंड्रॉसला सगळ्या फायनलमध्ये एक गोल मिळाला, तोही चौथ्या मॅचच्या शेवटच्या काही सेकंदांत. ४२ वर्षांनी स्टॅनली कप, म्हणजे लीग जिंकणाऱ्याचा कप, शहरात आला. आणि सहाच दिवसांनी १३ जूनला टीममधल्या काही जणांना घेऊन जाणारी लिमोझिन झाडावर आदळली, कॉन्स्टँटिनोव्हच्या डोक्याला एवढा मार बसला की तो परत कधी खेळू शकला नाही. तोही डिफेन्समनच, ऐन तिशीतला. पुढच्या वर्षी डेट्रॉईट पुन्हा जिंकलं तेव्हा त्याला व्हीलचेअरवर बर्फावर आणलं आणि कप त्याच्या मांडीवर ठेवला. ते फुटेज मी आजही शेवटपर्यंत बघू शकत नाही. करिअर म्हणजे काय असं तुम्ही विचारलंय तर हेही त्यातच येतं.

आधीच्या पिढीतल्या बॉबी ऑर या डिफेन्समनचंही तसंच. डिफेन्समनने पुढे जाऊन गोल मारायचे हे जगाला त्याने शिकवलं, सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी सलग आठ वर्षं त्याची, आणि गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तिसाव्या वर्षी रिटायर. लिडस्ट्रॉमचं नेमकं उलट, त्याला पहिली नॉरिस मिळाली तीच ३१ व्या वर्षी. त्याआधी लागोपाठ तीन वर्षं दुसरा आला होता. आणि मग मिळत गेली, २००१, २००२, २००३, २००६, २००७, २००८ आणि शेवटची २०११ ला, वय ४१. म्हणजे फॉरवर्ड ज्या वयात उताराला लागतो त्या वयात हा माणूस वर चढत होता. डिफेन्समन उशिरा पिकतो असं इकडे सगळेच कोच म्हणतात आणि ते खरंय, कारण हे काम पायांपेक्षा डोळ्यांचं जास्त आहे, समोरचा काय करणार हे ओळखायला हजारो शिफ्ट खेळाव्या लागतात. करिअरच्या १५६४ मॅचमध्ये त्याला पेनल्टीची मिनिटं किती, तर ५१४. साधी पेनल्टी दोन मिनिटांची असते, तेवढा वेळ खेळाडू बाहेर बसतो, हिशोब केला तर सहा मॅचला एक. रोज समोरच्या टीमच्या सगळ्यात भारी खेळाडूला अडवायचं आणि तरी सहा मॅचला एक पेनल्टी! उशीर झालेला डिफेन्समनच स्टिक अडकवतो, धरतो, पाडतो. ज्याला उशीर होत नाही त्याला याची गरजच पडत नाही.

गोलचं म्हणाल तर त्याने २६४ गोल मारलेत आणि ८७८ असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, हे काही थोडं नाही. पण त्यातही डोकं बघा. जो लुईस अरेनाच्या गोलमागच्या फळ्या फार उसळत्या होत्या. लिडस्ट्रॉम ब्लू लाइनवरून, म्हणजे गोलपासून साठेक फुटांवरून, कधी कधी मुद्दाम गोलच्या बाजूने बाहेर मारायचा. नवीन माणसाला वाटेल नेम चुकला. पक फळीवर आपटून उसळी मारून गोलच्या पुढ्यात यायचा, तिथे त्याच्याच टीमचा टोमस होल्मस्ट्रॉम गोलकीपरच्या नाकासमोर उभाच असायचा आणि गोलकीपर अजून दुसरीकडेच बघत असायचा. घरच्या अंगणातली कुठली फरशी उचललेली आहे हे जसं घरच्याच पोराला माहिती असतं तसं.

२००२ च्या प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, व्हँकुव्हरविरुद्ध पहिल्याच राउंडला डेट्रॉईट दोन मॅच हरून २-० मागे पडलं होतं. तिसऱ्या मॅचला १-१ असताना, दुसरा पिरियड संपता संपता, याने मधल्या रेड लाइनवरून शॉट मारला आणि तो गोलकीपर डॅन क्लूटिएला चकवून आत गेला. तिथून डेट्रॉईट सलग चार मॅच जिंकलं आणि शेवटी कपही, आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी लिडस्ट्रॉमला, ती मिळवणारा पहिला युरोपियन. २००६ च्या तुरिन ऑलिंपिक फायनलला फिनलंडशी २-२ होतं, तिसरा पिरियड सुरू होऊन दहा सेकंद झाले होते तेव्हा याने मारला आणि स्वीडनला गोल्ड मिळालं. त्याच वर्षी तो डेट्रॉईटचा कॅप्टन झाला.

२००८ ला पिट्सबर्गला हरवून जिंकले तेव्हा माझा मुलगा माझ्या शेजारी टीव्हीसमोर होता, डिफेन्सला टाकायच्या काही महिने आधीची गोष्ट. कप आधी कॅप्टनच्या हातात देतात. युरोपात जन्मून तिकडेच खेळ शिकलेल्या कॅप्टनच्या हातात कप जाण्याची ती पहिलीच वेळ. लिडस्ट्रॉमने तो उचलला आणि लगेच डॅलस ड्रेकला दिला, ३९ वर्षांचा खेळाडू, सगळं करिअर संपत आलं तरी कप कधी मिळाला नव्हता त्याला. पुढच्याच वर्षी पुन्हा तीच फायनल, सातवी मॅच, घरच्या रिंकवर २-१ मागे, अगदी शेवटच्या सेकंदाला पक लिडस्ट्रॉमकडे आला, त्याने मारला, आणि पिट्सबर्गच्या फ्लूरीने आडवी झेप घेऊन तो अंगावर घेतला. संपलं. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही.

२०१२ च्या मे महिन्यात तो थांबला. तोपर्यंत २० पैकी एकाही सीझनला त्याची टीम प्लेऑफ चुकली नव्हती. मार्च २०१४ मध्ये ५ नंबरची जर्सी छताला टांगली, म्हणजे डेट्रॉईटकडून तो नंबर आता कोणी घालणार नाही, आणि २०१५ ला हॉल ऑफ फेम.

पैसा मिळतो का, नाव होतं का असंही तुमच्या मनात असेल. वरच्या लेव्हलला पैसा चांगलाच मिळतो, पण तिथपर्यंत फार थोडे पोचतात, आणि शॉट अडवताना पायाची हाडं मोडणं, गुडघे जाणं हे डिफेन्समनच्या पाचवीलाच पुजलेलं. तुमच्या घरातलं कोणी पोर डिफेन्सला खेळत असेल तर त्याला १९९७ च्या फायनलची एखादी मॅच लावून द्या. मी तेच केलं होतं. जुनी रेकॉर्डिंग होती, मुलाला म्हटलं पाच नंबरवर बोट ठेव आणि तो जाईल तसं फिरव. टीव्हीच्या काचेवर बोटाचे ओरखडे उठले, बायको ओरडली, पण पोरगं हटेना. दिसेनासा झाला की वाट बघायचं, आला की परत बोट. बऱ्याच वेळाने मान न वळवता म्हणाला, बाबा, पक कुठेही असू दे, हा सारखा पक आणि गोलच्या मधेच असतो.