मोडलेलं हँडल आणि दहा वर्षांचा करार

प्रश्न : ताई, मार्च 2021 मध्ये बेल्जियममधल्या ‘ले सामां’ शर्यतीत मॅथ्यू व्हान डर पूल या डच सायकलपटूच्या हातातच कॅन्यन कंपनीच्या सायकलचं हँडल मोडलं होतं. तरीही 2024 मध्ये त्याने त्याच कंपनीशी दहा वर्षांचा करार केला. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात, पैसा बोलतो. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पैसा आहेच, आणि तो असायलाच हवा. या खेळात हाडं मोडतात, कारकीर्द एका पडण्यात संपते. पण नुसता पैसाच हवा असता तर त्याच्यासारख्याला दारात उभे असलेले गिऱ्हाईक कमी नव्हते. म्हणून तुम्ही विचारलेला प्रसंग जरा नीट बघू या.

2 मार्च 2021. दगडी फरसबंदीचे रस्ते, शर्यत शेवटाकडे आलेली, आणि हँडलचा एका बाजूचा भागच निकामी झाला. व्हान डर पूल थांबला नाही. उरलेल्या हँडलवर कोपरापर्यंतचे हात टेकवून तो पुढच्या गटात टिकून राहिला, आणि त्याच्याच संघाच्या टिम मेर्लियेने ती शर्यत जिंकली. त्याच्या धैर्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. माझं लक्ष मात्र नंतरच्या काही दिवसांकडे होतं. कॅन्यनने संघाच्या सायकलींपुरतं निभावून नेलं नाही. त्याच जातीचं हँडल असलेल्या ‘एरोड’ या मॉडेलच्या सायकली ज्या गिऱ्हाइकांकडे होत्या, त्या सगळ्यांना कंपनीने कळवलं, ही सायकल सध्या चालवू नका. नव्या मॉडेलची विक्री थांबली. कोणत्याही कंपनीला ही चिठ्ठी लिहिताना घाम फुटतो.

इथे एक नियम माहीत असायला हवा. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा, दंडक आहे की शर्यतीतलं साहित्य सर्वसामान्यांना विकत मिळणारं असलं पाहिजे. नवीन नमुना चाचणीपुरता वापरायचा तर परवानगी घ्यावी लागते, तीही ठरावीक मुदतीची. त्यामुळे व्हान डर पूलच्या हाताखाली जे मोडतं, तेच कुठल्यातरी बँकेतल्या माणसाच्या हाताखाली रविवारी सकाळी घाटउतारावर असतं. नामांकित खेळाडू कंपनीला जाहिरातीसाठी हवा असतोच, पण तो तिचा सगळ्यात कठोर परीक्षकही असतो.

ले सामांनंतर चारच दिवसांनी त्याने इटलीत ‘स्त्रादे बियांके’ जिंकली, कॅन्यनवरच. पुढे 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत त्याने घेतली. ऑगस्ट 2023 मध्ये ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत तो ओल्या वळणावर पडला, बुटाची आवळायची चकती तुटली, तरी उठून एकट्याने पुढे गेला आणि विश्वविजेता झाला. 2024 चा करार यातल्या बहुतेक विजयांनंतरचा आहे. मला त्यात भरवसा दिसतो. बिघाड झाला की फोन कोण उचलतं, किती लवकर उचलतं आणि खरं बोलतं का, हे त्याने स्वतः अनुभवलं आहे. नव्या कंपनीबद्दल हे कुणालाच आधी कळत नाही.

बोलायची मोकळीकही बघावी लागते. ब्रिटिश सायकलपटू क्रिस फ्रूम 2021 मध्ये नव्या संघात गेला, फॅक्टर कंपनीच्या डिस्क ब्रेकच्या, म्हणजे चाकाला जोडलेल्या चकतीवर लागणाऱ्या ब्रेकच्या, सायकलवर. थोड्याच दिवसांत त्याने स्वतःच्या व्हिडिओत सांगितलं, लांब उतारावर डिस्क तापते, वाकते, घासते, माझं अजून मन मानत नाही. चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला माणूस होता म्हणून ते ऐकलं गेलं. विशीतला पोरगा असं बोलला असता का? माझ्या मते खेळाडूच्या करारात हे एक कलम ठळक अक्षरांत असावं : साहित्याबद्दल खरी तक्रार केली म्हणून मानधन कापलं जाणार नाही.

प्रश्न : टोकियो ऑलिंपिकमध्ये टॉम पिडकॉक या ब्रिटिश सायकलपटूच्या माउंटन बाइकवर कंपनीचं नावच दिसत नव्हतं. असं चालतं?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : चालतं. त्याच्या संघाचा सायकल-प्रायोजक पिनारेलो होता आणि त्यांच्याकडे तेव्हा त्या शर्यतीला साजेशी माउंटन बाइक नव्हती. म्हणून तो बीएमसीची सायकल नाव न मिरवता चालवत होता, आणि 2021 च्या जुलैमध्ये तीवरच सुवर्ण जिंकला. पॅरिसला 2024 मध्ये तो पिनारेलोच्याच माउंटन बाइकवर होता. ज्या कंपनीकडे वस्तूच नाही तिने खेळाडूला अडवू नये, हा शहाणपणा त्या वेळी दोन्हीकडे होता याचं मला फार बरं वाटलं.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, राज्य स्पर्धेत पदक मिळालं आहे. एका सायकल विक्रेत्याने तिला दोन वर्षांसाठी कार्बनची सायकल, हेल्मेट आणि बूट देऊ केले आहेत. कागदावर सही मागतात. आमच्या घरात असं कुणी केलेलं नाही. काय बघू?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी मुलीचं मनापासून अभिनंदन. आता सहीबद्दल. मुलगी कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची आहे, तिने स्वतः केलेला करार आपल्या कायद्यात ग्राह्य नाही. सही तुमची लागेल, म्हणून प्रत्येक ओळ तुम्हाला कळली पाहिजे. ओळखीच्या वकिलाला एकदा दाखवाच.

पण वकिलाआधी एक काम करा, जे मी माझ्याकडे फिटिंगला, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला जुळवून घ्यायला, येणाऱ्या प्रत्येक मुलीला करायला लावते. तिच्या आत्ताच्या सायकलची मापं वहीत उतरवून घ्या. पेडलचा दांडा जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर. सीट त्या मध्यापासून किती मागे आहे ते. क्रँकची, म्हणजे त्या पेडलच्या दांड्याची लांबी, ती क्रँकवरच आतल्या बाजूला कोरलेली असते. बुटाखालच्या क्लीटची, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याची, जागा पेन्सिलने आखून फोटो काढा. नवी सायकल आली की हीच मापं तिच्यावर आणायची. तेवढ्यानेही काम संपत नाही. सीट वेगळ्या कंपनीची असेल तर उंची तीच ठेवूनही बसण्याची जागा पुढे-मागे होते आणि पंधरवड्यात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. मोठ्या संघांतही वर्षअखेरीस सायकल बदलते तेव्हा मेकॅनिक आणि फिटर याच मिलिमीटरांशी झगडत असतात.

म्हणून सीट, बूट आणि पेडल या तीन गोष्टी तिच्या पसंतीच्या राहतील असं लिहून घ्या. बूट फुकट मिळतात म्हणून घालू नका. पायाची रुंदी जुळली नाही तर बोटं बधिर होतात आणि मूल बिचारं बोलत नाही, कारण ‘दिलंय ना त्यांनी’.

मग खर्चाचं. चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), टायर, ब्रेकचे पॅड या झिजणाऱ्या वस्तू कोण देणार? सायकल दिली आणि टायर तुम्हीच घ्या म्हटलं तर वर्षभरात तुमच्या हिशेबाची वाट लागेल. पडल्यावर कार्बनची फ्रेम तपासायची जबाबदारी कोणाची, तेही लिहा. कार्बन वरून चांगला दिसतो आणि आत तडा गेलेला असतो. ब्रेकचं लिव्हर जिथे हँडलला आवळतात तिथे तर मी टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे मोजून आवळणाऱ्या पान्याशिवाय, हात लावू देत नाही. आणि ही अट घालाच : कुठलाही भाग संशयास्पद वाटला तर ती त्यावर शर्यत खेळणार नाही, आणि त्याने करार मोडला असं धरलं जाणार नाही.

दोन वर्षांनी सायकल कुणाची? फोटो कुठे आणि किती काळ वापरणार? दुकानाच्या कार्यक्रमांना वर्षातून किती वेळा जायचं? बारावीच्या परीक्षेचे महिने त्यातून वगळा. अकादमीने किंवा राज्य संघाने दुसरं साहित्य दिलं तर तिला ते वापरता येईल, हेही आत्ताच ठरवा. पिडकॉकला जमलं ते नाशिकच्या मुलीलाही जमलं पाहिजे.

हे सगळं विचारल्यावर विक्रेत्याचा चेहरा कसा होतो ते बघा. चांगला माणूस असेल तर बसून एकेक कलम लिहील. जानेवारी 2026 मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, तेव्हापासून आपल्याकडे मुलांना साहित्य देऊ करणारे वाढतील असं मला वाटतं. त्यामुळे हा एक नको वाटला तर घाबरून सही करू नका. आणि बोलणी चालू असताना मुलीला शेजारी बसवा. सायकल तिच्या अंगाखाली असणार आहे. करारपत्राचा मसुदा हाती आला की मापांच्या वहीसह माझ्याकडे पाठवा, मी वाचून कळवते.