ढोल-ताशा पथकाने मदतनिधीसाठी लिलाव ठेवला तर कायद्याच्या बाजूने काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय दोनच गोष्टींबद्दल: शाळेच्या छपरासाठी पथकाने जुने ढोल आणि भेट आलेल्या वस्तू लिलावात काढल्या तर पोलीस परवानगी लागते का, आणि वस्तू घेणाऱ्याला ८०जीची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी, पावती देता येते का. दोन्हीची उत्तरं सोपी आहेत, खाली देतो. पण असे लिलाव फसतात ते बोलीवर, आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

आमच्या भागातल्या एका पथकाचा लिलाव बघा. पथकाच्या पहिल्या वर्षीचा ढोल, पान (वाजवायचा पडदा) बदललेलं, कडं मूळचं. बोली पाच हजारांपासून सुरू. सतरा हजारांपर्यंत तीन-चार जण होते, पुढे दोघंच उरले: बाजारपेठेतला एक दुकानदार आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ. एकेचाळीस हजारांवर 'तीनवार' झालं, ढोल दुकानदाराचा. टाळ्या, फोटो, रक्कम लगेच जाहीर. दोन दिवसांत कळलं की मागच्या रांगेतले गृहस्थ खजिनदारांचे साडू, आणि त्यांना बोली चढवायलाच बसवलं होतं. दुकानदाराने पैसे द्यायला नकार दिला. कार्यकारिणीचं म्हणणं, 'चांगल्या कामाला शब्द दिला होता, आता फिरवता कसा? आणि पैसे काय आमच्या खिशात जाणार होते का?'

हा वाद मी त्या लोकांशी समोरासमोर घातलाय, इथेही घालतो. कायद्याच्या दृष्टीने दुकानदार शंभर टक्के बरोबर होता. मालविक्री कायदा, १९३०, कलम ६४ वाचा, पानभराचंही नाही. विकणाऱ्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल, तर तो हक्क आधी उघडपणे राखून ठेवावा लागतो. तसं न सांगता आपला माणूस बसवला, तर ती विक्री फसवणुकीची मानायचा हक्क खरेदीदाराला आहे. खोट्या बोलीने किंमत फुगवली असेल तर तो व्यवहार रद्द करू शकतो. पैसे शाळेला जाणार होते की पथकाला, हे त्या कलमात कुठेच येत नाही. लिलाव धर्मादाय आहे म्हणून या नियमातून सूट मिळत नाही.

मग मंडळींनी सतरा हजारवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, 'माझी बोली तर केव्हाच मागे पडली, आता मी का देऊ?' तोही बरोबर. वरची बोली घेतली की खालची संपते. शेवटी ढोल परत खोलीत आणि शाळेला जाहीर केलेल्या रकमेत खड्डा.

हे टाळायला फार काही लागत नाही. प्रत्येक वस्तूची राखीव किंमत ठरवा आणि ती आहे हे बोलीआधी सांगा. त्याखाली वस्तू जाणार नाही, संपलं. किंमत वर न्यायची ती अशी, साडूला बसवून नव्हे. पथकातर्फे बोली लावायचीच असेल तर अटींत तसं लिहा आणि एकाच माणसाचं नाव सांगा, कायदा एकालाच परवानगी देतो. बोली लावणाऱ्यांची नोंद दारातच करा: नाव, फोन, सही, क्रमांक, आणि थोडी अनामत. त्याच कागदावर अटी छापा. 'विजेत्याने ठरल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर त्याची अनामत जप्त होईल आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्या शेवटच्या बोलीला वस्तू विचारली जाईल.' 'विचारली' हा शब्द राहू द्या, सक्ती करता येत नाही. आणि 'तीनवार' म्हणेपर्यंत कुणीही बोली मागे घेऊ शकतो, त्यावर स्टेजवरून हुज्जत घालू नका.

वस्तूचं वर्णन खरं लिहा. पान फाटलंय, कड्याला चीर आहे, ताशाचं भांडं पोचलंय, दोरी जुनी आहे, हे सगळं यादीत. शेवटी 'आहे त्या स्थितीत'. त्याहून मोठा प्रश्न मालकीचा. पथकात निम्मे ढोल पथकाचे आणि निम्मे वादकांचे असतात, आणि सोडून गेलेल्या वादकाचा ढोल खोलीत पडून राहिला म्हणून तो पथकाचा होत नाही. ज्याचा आहे त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्या. पथकाचे ढोल असतील तर कार्यकारिणीचा ठराव आणि साहित्य नोंदवहीतून वजावट. स्थावर मालमत्ता विकायला लागते तशी धर्मादाय आयुक्तांची परवानगी ढोलांना लागत नाही.

पोरं अठराखालची असतील, तर बोलीदारांच्या यादीत ती नकोत. करार कायदा, १८७२ प्रमाणे अज्ञानाचा, म्हणजे अठराखालच्याचा, करार शून्य. सतरा वर्षांच्या पोराने जोशात वीस हजार म्हटलं तर ते वसूल होणार नाहीत. त्याने स्वतःचा ताशा दिला असेल तर सही आईवडिलांची.

आता ८०जी. पावती फाडू नका. लिलावात पैसे देऊन वस्तू घेतली ती खरेदी, देणगी नव्हे. ज्याने वस्तू भेट दिली त्यालाही नाही, कारण वस्तुरूप देणगीला ८०जी लागू नाही. कुणी वस्तू न घेता निव्वळ पैसे दिले आणि तुमच्या संस्थेकडे ८०जी नोंदणी असेल, तरच पावती. त्यातही रोख दोन हजारांपेक्षा जास्त असेल तर देणाऱ्याला वजावट नाही. मग त्या देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत प्राप्तिकर पोर्टलवर भरावं लागतं, हे पथकांचे खजिनदार हमखास विसरतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा असल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुन्या पावतीबुकावरचा मजकूर सीएला दाखवा. एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊच नका, दंड तेवढ्याच रकमेचा आणि घेणाऱ्याला.

क्यूआर कोड पथकाच्या खात्याचा हवा. पथकप्रमुखाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेतले की ते प्रथमदर्शनी त्याचं उत्पन्न, आणि वर्षभर खुलासे देत बसायचं त्यानेच.

पण तुमच्या पथकाची नोंदणी आहे का? प्रश्नात ते नाही. महाराष्ट्रात संस्था नोंदणी कायदा, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० अशी दुहेरी नोंदणी असते. नसेल, तर लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायला १९५०च्या याच कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी, तीच जी गणेश मंडळं वर्गणीसाठी काढतात. ती मुदतीची असते आणि नंतर हिशोब द्यावा लागतो. नोंदणी असेल तर संस्थेच्या घटनेतली उद्दिष्टं वाचा. फक्त 'वादनकलेचा प्रसार' लिहिलं असेल तर शाळेचं छप्पर त्यात बसवताना हिशोब तपासनीस आडवा येईल. माझं मत विचाराल तर तुम्ही लिलाव स्वतःच्या नावावर करूच नका. शाळेच्या व्यवस्थापन समितीशी बोला, पैसे थेट समितीच्या खात्यात जाऊ द्या, तुम्ही वस्तू आणा, माणसं आणा, वाजवा. कार्यकारिणीला हे पटत नाही कारण फ्लेक्सवर नाव धाकटं होतं.

जीएसटीबद्दल एकच: वादनाच्या सुपाऱ्यांचं मानधन आणि लिलावाची विक्री मिळून वर्षाची उलाढाल वीस लाखांवर जात असेल तर सीएकडे आधी जा, नंतर नको.

लिलाव कमी पडला म्हणून वर 'शंभर रुपयांचं कूपन, लकी ड्रॉमध्ये दुचाकी' असं काही जोडू नका. तो लिलाव राहत नाही, ती लॉटरी झाली, आणि खाजगी लॉटरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. 'सगळेच करतात' हे चौकीत चालत नाही.

भेट आलेल्या वस्तूही बघून घ्या. शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती किंवा ताम्रपट आला तर पुरावशेष कायदा आडवा येतो. वाघनख कुणी दिलं तर हातही लावू नका, वन्यजीव कायदा आहे. मोठ्या पात्याच्या धारदार तलवारीला शस्त्र कायदा.

परदेशातले जुने वादक ऑनलाइन बोली लावणार असतील तर पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवाल्याने तिथल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगीत मोजत नाहीत. ओसीआय कार्डवाला (मूळचा भारतीय, पण पासपोर्ट परदेशी) मात्र परदेशी नागरिक, त्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेऊ नका. तो वस्तूची किंमत देतोय, देणगी नव्हे, असा युक्तिवाद करता येतो, पण ढोलाच्या एका लिलावासाठी तो लढवण्यात अर्थ नाही.

राहिली पोलीस परवानगी. ठाण्यात जायचं ते स्पीकरसाठी: लाऊडस्पीकरला लेखी परवानगी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्यावर बंद. मंगल कार्यालयाच्या बंद सभागृहात, आवाज आतल्यापुरता ठेवला तर, रात्रीची ती बंदी लागत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत मैदान निवडू नका. आणि तुमचा लिलाव शाळेच्याच आवारात असेल तर तो प्रश्न आधी ठाण्यात विचारा. मैदान पालिकेचं असेल तर जागेची परवानगी वेगळी, तिचा अर्ज निदान पंधरा दिवस आधी टाका. लिलावाआधी पथक वाजवणार असेल तर अर्जात तेही लिहा, नुसतं 'लिलाव' लिहून ऐंशी ढोल उतरवले की ठाण्यातले साहेब पुढच्या वर्षी लक्षात ठेवतात.