फायरवॉल ‘फ्लड’ म्हणून ओरडते, तेव्हा…

प्रश्न : ऑफिसात ३० कॉम्प्युटर, लाइन १०० एमबीपीएसची. दुपारी फायरवॉलवर ‘पॉसिबल यूडीपी फ्लड’ असा अलर्ट येतो आणि नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉलचा आवाज तुटतो. लॉगमध्ये सोर्स पोर्ट ४४३ दिसतो. हा हल्ला आहे का? फ्लड प्रोटेक्शन बंदच करून टाकावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हल्ला असण्याची शक्यता कमी. इंटरनेटवर माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये येते. यूडीपी ही पोच न घेता पॅकेट पाठवायची पद्धत, ‘फ्लड’ म्हणजे अशा पॅकेटचा पूर, आणि पोर्ट म्हणजे माहिती कोणत्या सेवेची ते सांगणारा क्रमांक. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची राखणदार, इथे फक्त सेकंदाला किती पॅकेट आली ते मोजते. आकडा मर्यादेपुढे गेला की ओरडते. आत सिनेमा आहे की हल्ला, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

यूडीपी ४४३ वर ‘क्विक’ प्रोटोकॉल चालतो. क्रोममध्ये यूट्यूब लावलं की बहुधा तोच वापरला जातो. म्हणजे ही तुमच्याच माणसांनी मागवलेली माहिती. आता हिशोब करा : १,२५० बाइटची १,००० पॅकेट म्हणजे सेकंदाला जेमतेम १० मेगाबिट. आणि काही फायरवॉलवर कंपनीनेच ठेवलेली मर्यादा एवढीच असते! १०० एमबीपीएसच्या लाइनवर एक मोठं डाउनलोड तिला पुरून उरतं.

मर्यादा ओलांडली की फायरवॉल जास्तीची पॅकेट टाकून देते, त्यात कॉलचीही जातात. ब्राउझर हरवलेलं पुन्हा मागवतो, त्यामुळे तिथे फारसं जाणवत नाही. थेट आवाजाला तेवढी सवड नसते.

प्रोटेक्शन बंद करू नका. आठवडाभर गर्दीच्या वेळचा पॅकेटचा आकडा टिपा आणि मर्यादा त्याच्या दुप्पट ठेवा. नाहीतर बाहेर जाणारा यूडीपी ४४३ अडवा. ब्राउझर मुकाट टीसीपीवर, म्हणजे पोच घेऊन पाठवायच्या पद्धतीवर येतात. टीम्स (३४७८ ते ३४८१) आणि झूम (८८०१ ते ८८१०) यांचे यूडीपी पोर्ट मात्र मोकळे राहू द्या.

खरा हल्ला वेगळा दिसतो. सोर्स पोर्ट ५३, १२३ किंवा ११२११ (म्हणजे वेबसाइटचे पत्ते शोधणाऱ्या, वेळ सांगणाऱ्या अशा सर्व्हरची उत्तरं), पाठवणारे पत्ते शेकडो, आणि तुम्ही त्यांना काही विचारलेलंच नाही. असे पत्ते एकेक ब्लॉक करत बसणं व्यर्थ. लाइन फायरवॉलपर्यंत पोचण्याआधीच तुंबलेली असते, म्हणून वेळ, तुमचा आयपी पत्ता आणि पोर्ट लिहून घेऊन इंटरनेट कंपनीला फोन करा.

सोर्स ऑफिसातलाच पत्ता असेल आणि तो अनोळखी पत्त्यांवर मारा करत असेल, तर आधी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची (रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची) नेटवर्क केबल काढून पाहा. पासवर्ड न बदललेले डीव्हीआर २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने असेच कामाला जुंपले होते.