धड लंगोट नाही, धड डायपर नाही

"ताई, कापडी डायपर बंद करू का? फक्त हो किंवा नाही सांगा."

जुलैमधल्या एका रात्री पावणेबाराला हा मेसेज आला. खाली फोटो होता, बाळाच्या बुडाचा, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेला, त्यामुळे पलंगपोसापासून सगळंच लाल दिसत होतं. मी स्तनपान समुपदेशक आहे. पण बाळाच्या एका टोकाची जबाबदारी घेतली की दुसऱ्या टोकाचे प्रश्न आपोआप येतात, आणि पुण्यात पावसाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. "हो किंवा नाही" असं उत्तर मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी घरी गेले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला आईची परवानगी आहे.)

बाळंतपण कोथरूडला, माहेरी झालं होतं. तीन महिने तिथे राहून ही मुलगी सासरी वाघोलीला आली. छकुली साडेचार महिन्यांची. आई खराडीच्या आयटी कंपनीत. २६ आठवड्यांची रजा संपायला दीड महिना राहिला होता, आणि नंतर बाळ सासूबाईंकडेच राहणार होतं. कापडी डायपर हा तिचा स्वतःचा निर्णय. माहेरच्या सोसायटीत 'स्वच्छ' या कचरा वेचकांच्या संस्थेच्या ताई वापरलेले डायपर हातांनी वेगळे काढताना तिने पाहिल्या होत्या. लोक डायपर कागदात गुंडाळून वर ओळखीसाठी लाल ठिपका काढायचेही कष्ट घेत नाहीत म्हणून त्यांची चाललेली चिडचिडही ऐकली होती. तेव्हाच ठरवलं, आपलं बाळ यात भर घालणार नाही. गरोदरपणातच चौदा कापडी डायपर घेऊन ठेवले. कोथरूडला एकदाही पुरळ आलं नाही. वाघोलीला येऊन तीन आठवडे झाले आणि बूड सोलल्यासारखं लाल.

घरात दोन तट पडले होते. नवऱ्याचं म्हणणं, विकतचे आणू या, विषय संपव. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. त्या मूळच्या शिरूरच्या, तीन मुलं वाढवलेल्या. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होतं हे पुरळ? लंगोट बांधायचो. हे काय आणलंय हिनं? धड लंगोट नाही, धड डायपर नाही."

सून खाली मान घालून बसली होती. तिला ते टोमण्यासारखं लागलं असणार, आणि थोडा टोमणा होताही. पण काकू शंभर टक्के खरं बोलल्या होत्या.

लंगोट म्हणजे जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा. वर काही नाही. बाळाने शू केली की दुपटं ओलं, आईची मांडी ओली, बाळ रडतं. लगेच बदलावाच लागतो. दिवसाला पंधरा-वीस लंगोट दोरीवर. त्वचेला वारा लागायचा आणि ओलं फार वेळ टिकायचं नाही. आजचा कापडी डायपर आत कापडी पॅड असलं तरी बाहेरून पाणी न झिरपणाऱ्या कापडाचा असतो, त्याला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. म्हणजे गळत नाही, वाराही जात नाही. आणि विकतच्या डायपरमध्ये ओल जेलमध्ये बांधून ठेवणारे कण असतात, ते यात नाहीत. शू कापडातच राहते, त्वचेला लागून. "कापडी" या एका शब्दात आपण दोन निराळ्या वस्तू कोंबतो, आणि लंगोटाचं पुण्य या नव्या डायपरला फुकट मिळतं.

मी विचारलं, "रात्री किती वेळा बदलतेस?"

"रात्री नाही बदलत. दोन पॅड घालते. झोपमोड नको म्हणून. साडेनऊ ते सहा."

साडेआठ तास. ओलाव्याने त्वचा फुगते, मऊ होते, मग कापडाच्या घासण्यानेही सोलते. त्यात शी आणि शू एकत्र आली की शीमधले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, त्वचेवरची आम्लता कमी होते आणि शीमधली पाचक द्रव्यं जास्त जोराने त्वचेवर काम करू लागतात. सकाळचा डायपर उघडल्यावर डोळ्यांत जाणारा जो झणका येतो, तो हाच. मी विचारल्यावर तिने मान डोलावली. काकू म्हणाल्या, "मुतारीसारखा वास येतो," आणि सून आणखी खाली बघायला लागली.

पण रात्रीचा हिशेब कोथरूडलाही हाच होता ना? मग तिथे का नाही? मी न्हाणीघरात गेले. नळाच्या तोटीवर पांढरा खडूसारखा थर, बादलीच्या कडेला तसाच. २०२१ साली वाघोली महापालिकेत आली खरी, पण या सोसायटीत अजून बोअर आणि टँकरच. कोथरूडला खडकवासल्याचं धरणाचं पाणी होतं. इथे क्षारांनी जड झालेलं. आणि ही मुलगी कपडे धुवायला वापरत होती खोबरेल तेलाचा घरगुती साबण, "केमिकल नको" म्हणून महागाचा आणलेला. साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमला भेटला की त्याचा चिकट साका होतो, आणि तो साका निघत नाही, कापडात बसतो. वर शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं एक टोपण.

मी परातीत गरम पाणी मागितलं आणि धुऊन वाळवलेलं एक पॅड त्यात बुडवून पिळलं. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. दुसऱ्या कोरड्या पॅडवर चमचाभर पाणी टाकलं, तर थेंब अळूच्या पानावर राहावा तसा वरच्या वर राहिला. पुरळ आल्यापासून ती झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम लावत होती, ते बरोबरच; पण मलमाचा मेणचट थरही पॅडला बसला होता. म्हणजे शू टिपायची ती पॅड टिपतच नव्हती. काकू परातीत वाकून बघत होत्या. "एवढं धुऊन?" म्हणाल्या. धुणं त्यांची बाई करायची, त्यामुळे त्यांनाही जरा लागलं.

मग पुढचे काही दिवस कसं करायचं ते ठरवलं. घरात असताना डायपर नाहीच. काकूंच्या ट्रंकेतली जुनी मलमलीची साडी फाडून लंगोट करायचे, ओला झाला की बदलायचा, आणि दुपारी अर्धा-पाऊण तास बाळ रबरी शीटवर उघडं ठेवायचं. पुसायला ओले वाइप्स बंद, कोमट पाणी आणि कापूस. घासायचं नाही, टिपायचं. झिंकचं मलम जाडसर, केकवर क्रीम लावतात तसं. शू झाली म्हणून ते खरवडून काढायचं नाही, शी झाली तर वरचं मळलेलं तेवढं पुसून पुन्हा थर द्यायचा. मलमाचा थर पॅडला लागू नये म्हणून मध्ये मलमलीचा तुकडा. पावडर कुठलीच नको. काकूंच्या कपाटात बोरिक पावडरचा डबा होता, पूर्वी सर्रास लावायचे. सोललेल्या त्वचेतून ती अंगात जाऊन विषारी ठरू शकते, हे सांगितल्यावर त्यांनी डबा स्वतः कचऱ्यात टाकला.

धुण्याचं एवढंच: ओले डायपर दिवसभर बादलीत भिजत ठेवायचे नाहीत, त्याने वास आणि जंतू दोन्ही वाढतात. आधी साध्या पाण्यातून काढायचे, मग साबण नव्हे तर साधी डिटर्जंट पावडर पूर्ण मापाने, पॅडना मशीनचं ६० अंशांचं गरम पाणी, नंतर तीनदा खळबळणं. कापड मऊ करणारं लिक्विड आणि जंतुनाशक बंद. बाहेरची कव्हरं मात्र उकळायची नाहीत, तो थर सुटतो.

सगळ्यांत अवघड गोष्ट मी शेवटी काढली. "पुरळ जाईपर्यंत रात्री विकतचा डायपर घाल."

ती रडली. तीन आठवडे ती ज्याच्याशी भांडत होती, ते मी एका वाक्यात देऊन टाकलं असं तिला वाटलं. मी काही समजावलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, तोवरचे आठ-दहा डायपर कागदात नीट गुंडाळून, लाल ठिपका काढून दिलेस तर ती कोथरूडची कचरा वेचक ताई तुझ्यावर रागावेल का? ती म्हणाली, "नाही रागावणार. पण मला वाटेल ना." हे तिचं वाटणं खोडायची मला गरज वाटली नाही. तसं वाटूनही तिने त्या रात्री विकतचा घातला.

आता माझी चूक. मी पाणी, साबण, परात यांत इतकी रमले की दोन प्रश्न विचारायचेच राहिले.

पाचव्या दिवशी फोन आला. फुगीर भागावरची लाली उतरली होती, पण आता जांघेतल्या घड्यांत गडद लाल पट्टा होता आणि त्याच्या कडेने बारीक लाल ठिपके, मुख्य डागापासून सुटे. ओलावा आणि घर्षणाचं पुरळ जिथे कापड लागतं तिथे येतं, कुल्ल्यांवर, ओटीपोटाच्या खालच्या भागावर. घड्या बहुधा वाचतात. घडीत शिरलेलं, कडेला ठिपके असलेलं, दोन-तीन दिवस नीट काळजी घेऊनही न हटणारं पुरळ दिसलं की कॅन्डिडा या बुरशीची शंका घ्यायची. ती ओलसर, सोललेल्या त्वचेवर मागाहून येऊन बसते.

"मधे बाळाला ॲंटिबायोटिक दिलं होतं का?"

"हो, कान दुखत होता म्हणून. सात दिवस. तुम्ही यायच्या आधीच संपलं."

हा पहिला प्रश्न. ॲंटिबायोटिकने बुरशीला आवर घालणारे जंतूही मरतात, शिवाय शी पातळ होते. दुसरा प्रश्न: झिंकशिवाय आणखी काय लावलंत? थोडी शांतता. मग मागून काकूंचा आवाज, "ती ट्यूब सांग की." कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नवऱ्याला खाजेवरची ट्यूब दिली होती. फोटो मागवला. तीन औषधांचं मिश्रण, त्यात बीटामेथासोन. हे स्टेरॉइड. अशी मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी मिळतात, आणि रॅश म्हटलं की तीच मिळतात. लावली की दोन दिवस लाली पळते, म्हणून घरोघरी त्यांचं कौतुक. आतली बुरशी मात्र स्टेरॉइडखाली पसरते, आणि बाळाची पातळ त्वचा, वर हवाबंद कव्हर, अशा ठिकाणी औषध जास्त शोषलं जातं. आता मलमाचा प्रश्न मी पहिल्या पाच मिनिटांत विचारते.

मी डॉक्टर नाही. बुरशीचं मलम कुठलं आणि किती दिवस, हे मी फोनवर सांगत नाही. त्याच संध्याकाळी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तोंडही दाखवायला सांगितलं, कारण जिभेवर-गालाच्या आत पुसून न निघणारे पांढरे डाग असले, तर आईच्या स्तनाग्रांचीही तपासणी लागते. नाहीतर बुरशी इकडून तिकडे फिरत राहते. तोंड स्वच्छ होतं. डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोल दिलं, स्टेरॉइडची ट्यूब बंद करायला लावली. लाली गेल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा, असं बजावलं. ताप, पाण्याचे फोड, पू किंवा रक्त दिसलं असतं, किंवा बाळ महिन्याच्या आतलं असतं, तर मी पहिल्याच रात्री फोटो बघून पाठवलं असतं.

पावसात कापड वाळेना, हे राहिलंच. दोरी बाल्कनीतून घरात आली, पंख्याखाली, आणि काकू रोज रात्री लंगोटांना इस्त्री करू लागल्या. दमट लंगोट बांधणं म्हणजे ओल्यावर ओलं.

दहा-बारा दिवसांत त्वचा साफ झाली. नंतर जे ठरलं ते कुठल्याच गटाच्या नियमात बसत नाही: घरात लंगोट, बाहेर जाताना कापडी डायपर आणि दोन तासांनी बदल, रात्री विकतचा. रात्रीचाही कापडी करून बघते म्हणाली होती. मध्यरात्री उठून बदलणार असशील तर कर, म्हटलं. अजून तरी केलेला नाही.

सप्टेंबरात तिची नोकरी सुरू झाली. नंतर एकदा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. काकू.

"ताई, वरणाचं पाणी चालू केलंय. शी दोन-तीनदा झाली. लाल झालंय थोडं."

"कुठे झालंय, काकू?"

"वरच. घडीत नाही. घडी उघडून बघितली. ठिपकेबी नाहीत."

"मग ते पांढरं मलम..."

"लावलंय. जाड लावलंय. विचारायला नाही, सांगायला केला फोन."